पेढा की जिलेबी?

कढईतल्या तुपाचा आणि आटणाऱ्या दुधाचा वास एकत्र आला की माझी पावलं आपोआप मंदावतात. परवा वाशीमजवळच्या मालेगावात मिठाईच्या दुकानासमोर मात्र माझ्याआधी माझा धाकटा भाऊच थबकला. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलेबी, ही आमच्याकडची रीत. आणि आठ दिवसांपूर्वी जन्मलेल्या त्याच्या बाळाकडे पाहून मुलगा की मुलगी हे कुणालाच सांगता येत नव्हतं. "सारं जऊळका गाव इचारून राह्यलं ताई, पेढा का जिलबी? काय सांगू मी?" बारशाआधी ऑपरेशनची तारीख घेऊन एकदाचं ठरवून टाकावं, म्हणून तो मला घेऊन वाशीमच्या दवाखान्याकडे निघाला होता.

एकदाचं! लहानपणी माझ्याही देहाचं असंच एकदाचं ठरवलं गेलं, आणि त्यासाठी मला तीनदा टेबलावर निजवावं लागलं. निसर्गाने मला स्त्री आणि पुरुष यांच्या मधल्या वाटेवर घडवलं होतं, हे मला तिशीत एका जुन्या फाइलीतून कळलं. स्वतःच्याच शरीराची हकिकत आपल्याला सर्वांत शेवटी कळावी, याहून मोठं परकेपण कोणतं? पुढे माझ्यासारखी आंतरलिंगी माणसं भेटली. जिला मी वर्षानुवर्षं व्याधी समजून लपवत होते ती माझी प्रकृतीच होती हे उमगलं, आणि मी सुखाने ढसाढसा रडले. आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या देहाला सुरी लावू नका, असं निवेदन घेऊन त्यांच्यासोबत कलेक्टर कचेरीतही जाऊन आले.

मी पेढे आणि जिलेबी एकाच खोक्यात बांधायला सांगितलं. पाक पेढ्यांना लागेल, म्हणून दुकानदार कुरकुरला. लागू दे!

दवाखान्यात भावजय आणि आई बाळाला घेऊन बसल्या होत्या. बाळाला लघवी नीट होते ना, रक्तातले क्षार ठीक आहेत ना, जिवाला काही धोका नाही ना, असं मी एकेक विचारत गेले. सगळं ठीक आहे, डॉक्टर म्हणाले, पण पुढे समाजात त्रास होईल.

मी म्हणाले, "तरास मले ऑपरेशनाचाच झाला, सायेब. मले कोनी इचारलंच नोतं. याले मोठं होऊ द्या, मंग याले इचारा."

भाऊ माझ्याकडे पाहतच राहिला. भावजयीने आधी होकाराची मान डोलावली, मग त्याने. डॉक्टरांनी बाळाचे रिपोर्ट पुन्हा एकदा चाळले. मग त्यांनी कागदावर लिहिलं, तूर्त शस्त्रक्रिया नाही. माझ्या छातीवरचा केवढा भार उतरला म्हणून सांगू!

आई मात्र बाळाला पोटाशी धरून खाली पाहत होती. माझ्या ऑपरेशनच्या कागदांवर अंगठा तिचाच होता, आणि त्या अंगठ्यावर मी अर्धं आयुष्य रुसून होते. ती हळूच म्हणाली, "मले तवा कोनी असं सांगतलंच नाई वं माय. मी तं पाया पडत होती डाक्तरायच्या, पोरीले वाचवा म्हून."

मी खाली बसले आणि तिच्या मांडीवर, बाळाच्या शेजारी, डोकं ठेवलं.