इसाराचं उदाहरण

दामिनी एम.कॉम. झाली, अमरावतीत नोकरी मिळेना, तेव्हा वरूडच्या घरी बसून तिने चार वर्षं मोबाइलवर पोर्तुगीज शिकून घेतली. फ्रेंच-जर्मनला फार गर्दी, म्हणून पोर्तुगीज. शेजारच्या जयवंताबाई अजून विचारायच्या, "ते भाषा बोलते तरी कोन, बाप्पा?"

शेवटी एका कोशाचं काम चालून आलं. इंग्रजी आर्थिक शब्दाचा अर्थ लिहायचा, पोर्तुगीज प्रतिशब्द द्यायचा. शब्दामागे चाळीस रुपये. कायमचं काम हवं असेल तर चाचणीला एक शब्द, आणि त्याला प्रत्यक्ष घडलेलं उदाहरण. मनाने रचलेलं चालणार नाही, असं लिस्बनच्या संपादकबाईंनी बजावलं होतं.

शब्द आला 'अर्नेस्ट मनी'. एक अर्थ सौदा पक्का करायला दिलेली रक्कम, दुसरा टेंडरसोबत भरायची अनामत. प्रतिशब्द 'सिनाल' लगेच सापडला. तिकडचा नियमही सापडला: देणारा फिरला तर रक्कम बुडाली, घेणारा फिरला तर दुप्पट परत. उदाहरणासाठी मात्र तिने वडिलांना गाठलं. महादेवरावांनी नुकताच संत्र्याच्या बागेचा इसार घेतला होता.

"बाबा, आता कोनी जास्त भाव देल्ला त?"

"त काय? इसार म्हंजे जबान हाय, पोरी. शालिकरामचे एकवीस हजार घेतले म्या. झाडावरचं एक फळ बी आता माह्यं नाई."

दामिनीचा ऊर भरून आला. तिने तसंच लिहिलं आणि 'प्रत्यक्ष घडलेले' या चौकटीत खूण केली. बाई खूश झाल्या. शुक्रवारी अंतिम मजकूर पाठवा, काम तुमचंच, असं त्यांनी कळवलं.

गुरुवारी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने टनामागे सहा हजार चढवले. महादेवरावांनी शालिकरामला घरी बोलावलं, चहा पाजला आणि एकवीस हजार समोर ठेवले.

"घेनारा फिरला त दुप्पट द्या लागते, बाबा," दामिनी म्हणाली.

"कोठं?"

"पोर्तुगालात."

"मंग यानं तिकडंच बाग घ्यावी."

शालिकराम हसला नाही. नोटा खिशात घालत तो दामिनीला म्हणाला, "तोडीले मानसं सांगून ठेवली होती म्या. त्याईले आता काय सांगू?"

तिला लाज वाटली. बापाची वाटली, आणि स्वतःच्या त्या कौतुकाच्या चार ओळींची जास्तच वाटली.

शुक्रवारी तिने मजकूर उघडला. अर्थ बरोबर होते, प्रतिशब्द बरोबर होता. तिने चौकटीतली खूण तेवढी काढली, शेजारच्या 'काल्पनिक'वर केली आणि पाठवून दिलं. नकार तासाभरात आला.

संध्याकाळी महादेवराव नव्या सौद्याचे पेढे घेऊन आले. "तुह्यं काम पक्कं झालं ना?"

"नाई. दुसऱ्या कोनाले देनार हायेत."

महादेवराव खरोखर संतापले. पेढ्यांचा पुडा त्यांनी तसाच खाली ठेवला.

"जबान देल्ली होती ना त्याईनं तुले? मंग असा कसा फिरते मानूस?"