अक्का, तुम्ही फक्त खुर्चीत बसा

“अक्का, ह्या वेळी तुम्ही फक्त येऊन खुर्चीत बसायचं,” रेखा तिसऱ्यांदा म्हणाली.

“खुर्चीत बसायला मी काय उद्घाटनाला आलेय?” मीही तिसऱ्यांदाच विचारलं.

रेखा माझ्या समोरच्या दारातली. संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमचे दरवाजे एकमेकांकडे तोंड करून आहेत, त्यामुळे भांडायला जिनासुद्धा उतरावा लागत नाही. तिच्या प्राजूचा, म्हणजे प्राजक्ताचा, साखरपुडा रविवारी. मुलाकडची मंडळी राजगुरुनगरची, आमच्या तोंडी खेडची. आणि ह्या बाईनं मला न विचारता कुणा इव्हेंटवाल्याचं पॅकेज ठरवत आणलेलं. भाड्याची प्लॅस्टिकची फुलं, भाड्याचा सोफा, मेकअपवाली, आणि जेवणानंतर एवढ्याशा काचेच्या ग्लासात बोटभर गोड.

मी दिवाळीपासून फुलं करत होते. जुन्या साड्यांचे जरीचे काठ उसवून, एकेक पाकळी दुमडून, शिवून. एकशे एक झाली. तो पत्र्याचा डबा रेखाच्या टीपॉयवर होता, आणि त्याच्या शेजारी त्या पॅकेजचा चकचकीत कागद. रविवारी ह्या दोघांतलं काय भिंतीवर चढणार, एवढाच वाद होता. पण वाद एवढ्यावर थांबला तर तो आमच्या मजल्यावरचा कसला?

“तुमचं काहीतरी होतं, अक्का,” रेखा म्हणाली. “दरवेळी काहीतरी होतंच.”

आणि तिनं एकेक काढायला सुरुवात केली.

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे ते आपले बसत राहतात. भांडण झालं की कुणीतरी पंखा लावतं. रेखानं त्या दिवशी तो एकदम पाचवर लावला. तिनं सांगितलं ते तिच्या बाजूनं होतं. मी इथं खरं लिहिते.

*

पहिली तिनं मेंदी काढली.

केसांना लावायची मेंदी मी घरी भिजवते. लोखंडी कढई, चहाचं काळं पाणी, आवळकाठी, रात्रभर मुरवून. पार्लरमध्ये काय घालतात ते त्यांचं त्यांना माहीत. त्या दिवशी आम्ही तिघी गच्चीवर बसलो. मी, रेखा आणि कुसुमताई. कुसुमताई तळमजल्यावरची, मूळची चऱ्होलीची, माझ्याच वयाची. मेंदी वाळू नये म्हणून डोक्याला पिशवी बांधावी लागते. माझ्याकडे निळ्या पिशव्या होत्या, रेखाच्या नवऱ्यानंच, दिलीपनं, चाकणहून कधीतरी आणलेल्या. लोखंडी पार्ट पॅक करतात त्या, गंज चढू नये म्हणून. कोऱ्या करकरीत. बांधल्या.

दोन तासांनी धुवायला खाली उतरलो, तर नळ कोरडा. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, हे पोरांनासुद्धा पाठ असतं. मी सणाच्या गडबडीत दिवस चुकले होते आणि टाकीत तळ दिसत होता. घरात प्यायचं पाणी होतं दीड बादली, आणि डोकी तीन. वयाच्या मानानं आधी कुसुमताई, मग मी. रेखाला दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आल्यावर मिळालं.

दिलीप तेव्हाच तिसरी शिफ्ट करून घरी आला. रेखा डोक्याचा टॉवेल सोडून उभी होती. डोकं भगवं, गाजराच्या रंगाचं. तो बूटसुद्धा न काढता बघत राहिला आणि म्हणाला, “पिशवी गंज चढू नये म्हणून असते. तुला तर पिशवीतच चढला.”

*

मग चॉकलेट. प्राजूचा दहावा वाढदिवस.

इथं पोरांचे वाढदिवस गुरुवारी करतात, कारण बापांना कंपनीची सुट्टी गुरुवारी. मी म्हटलं, विकतचा केक नको, मी चॉकलेटं पाडते. कोको, लोणी, दूधपावडर, पिठीसाखर. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून सकाळी आठला फ्रीजमध्ये ठेवली. नऊला वीज गेली. सुट्टी गुरुवारी तशी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचीही गुरुवारीच. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण माणूस सुट्टीचा विचार करताना विजेचा करत नाही.

एप्रिल महिना. चार वाजता मी ट्रे बाहेर काढला तर तो हातात डुचमळत होता. दारात चौदा पोरं. रेखा रडायच्या बेतात. मी ट्रे पातेल्यात उलटा केला, थोडं दूध घातलं, सारखं केलं, वाट्यांमध्ये वाढलं. पुऱ्या तळलेल्या होत्याच. म्हटलं, बुडवा आणि खा, ही चॉकलेटची आमटी.

पातेलं घासावं लागलं नाही, इतकं पुसून खाल्लं पोरांनी.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. बुधवारी सकाळीच चॉकलेटं केली. सुरेख झाली, चौकोनी, कडक, दाताखाली कट्टकन आवाज करणारी. पोरांनी हातात घेतली, उलटी करून पाहिली. प्राजू अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, “अक्का, राहू द्या, या वेळी बिघडली.”

*

“आणि हलव्याचे दागिने?” रेखा म्हणाली.

हलव्याच्या दागिन्यांबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही. काटेरी हलवा मी स्वतः करते. मंद आचेवर परातीत खसखस घ्यायची, वरून पाकाचे थेंब सोडायचे आणि बोटांनी फिरवत राहायचं. काटा यायला तीन दिवस लागतात. बोटांची टोकं भाजतात. माझं शिक्षण चौथी, क्लास एकही केलेला नाही. वीस वर्षं घरी बसून मी कंपनीच्या रबरी पार्टांच्या कडा कातरल्या, पोत्यांनी. एक कड वाकडी गेली नाही. ज्या हाताला ते जमतं त्याला सगळं जमतं, हे माझं मत, आणि ते मी कुणाला विचारून केलेलं नाही.

कुसुमताईच्या सुनेची ती पहिली संक्रांत. काळी साडी आणि त्यावर माझे दागिने. हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा. बायका ओवाळायचं विसरून नुसत्या बघत होत्या. मोठा नातू, कुसुमताईच्या लेकीचा, तीन वर्षांचा, मामीच्या मांडीवर जाऊन बसला. शहाण्यासारखा गप्प बसला म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. फोटोवाला आला तेव्हा एका दंडाला नुसता दोरा.

रेखाच्या मते हा माझा दोष. दागिना चवीला चांगला झाला हा दोष कसा, ते तिलाच ठाऊक.

कुसुमताई आतापर्यंत सोफ्यावर पाय घेऊन शेंगा सोलत होती. ती एवढंच म्हणाली, “आमच्या सुनंचा दंड बी चाटून काढला त्यानं. चूक फकस्त एवढीच, की पोराला जेवू घातलं नव्हतं.”

*

“आणि लाल टॅग? ते तरी मान्य करा.”

हे मान्य. पण निम्मं.

त्याच सुनेला पुढं मुलगा झाला, त्याच्या बारशाची गोष्ट. आमच्या ह्यांच्या कंपनीत जुन्या छपाईचे टॅग भंगारात निघाले होते. जाड लाल पुठ्ठा, वरच्या टोकाला भोक, त्यात दोरा. एका बाजूला इंग्रजीत छापलेलं, दुसरी बाजू कोरी. आता लाल टॅग म्हणजे काय हे चिंचवडपासून चाकणपर्यंत शेंबड्या पोरालाही कळतं. मालात खोट निघाली की तो लागतो आणि माल रीवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, परत जातो. मला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. मी कोऱ्या बाजूला सोनेरी रंगानं कमळं काढली, एकवीस टॅग दोरीत ओवले आणि पाळण्यावर माळ बांधली, छापील बाजू भिंतीकडे करून. लाल आणि सोनेरी. आलेली प्रत्येक बाई विचारत होती, कुठून आणली.

मग बाळ रडायला लागलं. उकडतंय त्याला, असं कुणीतरी म्हणालं. आणि पंखा लावला.

एकवीसच्या एकवीस टॅग गर्रकन फिरले. पाळण्यात कुंची घातलेलं बाळ, आणि त्याच्यावर ओळीनं रिजेक्टेड, रिजेक्टेड, रिजेक्टेड.

निम्मी खोली कंपनीतली. बाळाचा मामा चाकणला लाइनवर सुपरवायझर. तो पुढं आला, वाकून भाच्याला नीट निरखलं आणि गंभीर तोंडानं विचारलं, “रीवर्कला कुठल्या लाइनला पाठवायचं?”

कुसुमताई पुन्हा आजी झालेली, नव्या लुगड्यात. ती तितक्याच गंभीरपणे म्हणाली, “पाठीव की. पर माल बदलून मिळायचा न्हाई.”

बारशाचं जेवण हसण्यात गेलं. रेखा तेवढी हसली नव्हती. तिनं तेव्हाच मनात ठरवलं असणार, माझ्या लेकीच्या वेळी ही बाई नको.

*

शेवटी तिनं हळद काढली, आणि इथं तिचा आवाज चिरकला.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. प्राजूला बघायला खेडची मंडळी येणार होती. प्राजू आता चाकणला एका कंपनीत क्वालिटीत, माल तपासायला आहे. दिवसभर डोळ्याला गॉगल, तोंडाला मास्क, गालांवर पट्ट्यांचे वळ. मी म्हटलं, उटणं लावू. मसूर डाळीचं पीठ, संत्र्याची साल, दुधाची साय, आणि आंबेहळद. आंबेहळद अंगाला रंग सोडत नाही. डबा रेखाच्याच स्वयंपाकघरातून घेतला. तिच्याच हातानं तिनं दिला. आणि तिच्या त्या डब्यात होती आमटीची हळद.

तीन वेळा धुतलं. दही लावलं, बेसन लावलं. पोरगी ट्रेमधून पोहे घेऊन बाहेर गेली ती कानापासून गळ्यापर्यंत पिवळी. मुलाच्या आईनं चष्मा पुसून पुन्हा घातला. म्हणाल्या, “तुम्ही हळद लावून मोकळ्या झालात. आम्ही काय नुसत्या अक्षता टाकायला यायचं?”

रेखाला ते बाणासारखं लागलं. प्राजू त्यांना घर दाखवायला म्हणून गॅलरीत घेऊन गेली आणि दोघी बराच वेळ तिथंच उभ्या होत्या, प्राजू हातवारे करत काहीतरी सांगत होती. मध्येच त्या बाईंचं हसणं आतपर्यंत आलं, ते थांबेचना. आठ दिवसांनी होकार आला. पण ते हसणं रेखाच्या कानातून गेलेलं नव्हतं.

“टोमणा होता तो, अक्का. माझ्या पोरीला हसल्या त्या.”

“माझी हळद नव्हती ती. तुझा डबा होता.”

“डबा कुणाचाही असू दे!” रेखा ओरडली आणि मग एकदम खाली बसली. म्हणाली, तिचा स्वतःचा साखरपुडा चिपळूणला मामाच्या ओटीवर झाला, आदल्या संध्याकाळी ती आपल्याच साडीला फॉल लावत होती आणि सासरच्यांनी त्या साडीवरून वर्षभर ऐकवलं. एकुलती एक पोर आहे. एकदा तरी सगळं विकतचं, सरळ, कुणी बोट दाखवणार नाही असं होऊ दे. तुमच्यावर राग नाही, अक्का. पण मला भीती वाटते.

रागावलेल्या बाईशी मी दिवसभर भांडेन. घाबरलेल्या बाईशी मला भांडता येत नाही. पण माघार घ्यायलाही मला कुणी शिकवलेलं नाही. मी डबा उचलून काखेत घेतला. म्हटलं, बरं. फुलं माझी मी परत नेते. रविवारी खुर्चीत बसायलाही येत नाही. खुर्चीसुद्धा भाड्याचीच असेल, तिचं भाडं वाचव.

“अगं बस की, म्हातारे,” कुसुमताई म्हणाली. मी बसले नाही.

“आणि मी तुम्हाला बोलावणार नाही असं वाटलं का?” रेखा नाक पुसत म्हणाली. “पण खेडची माणसं हसतील त्याचं काय करू? सांगा ना, काय करू?”

तेवढ्यात दार ढकललं गेलं. पहिली शिफ्ट सुटून कंपनीची बस येऊन गेली होती. उंबऱ्यात प्राजू, गळ्यात ओळखपत्र, एक सेफ्टी शू पायात आणि एक हातात. किती वेळची बाहेर उभी होती कोण जाणे. तिनं आईकडे पाहिलं, माझ्या काखेतल्या डब्याकडे पाहिलं, दुसरा बूट सावकाश काढला आणि शेजारी लावून ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अक्का, खेडहून सासूबाईंचा फोन होता, त्यांच्या मुलाला लावायला एखादा लाल टॅग शिल्लक आहे का विचारत होत्या.”