माझ्या डमीवर बसलेली गिरकी

“कट! पोरी पुन्हा चुकल्या!” कॅमेरामन ओरडला.

आर्णीजवळच्या एका शेतात आमच्या गाण्याचं शूटिंग चालू होतं. चारी बाजूंनी पांढराशुभ्र फुटलेला कापूस, मधल्या मोकळ्या जागेत माझ्या पोरी, आणि गिरकी आली की सगळ्या तालाच्या मागे. मी कोरिओग्राफर, म्हणजे नाच बसवणारी. घाम मलाच फुटला.

प्रोड्युसर दीपकभाऊ, मूळचे लग्नातले डीजेवाले, तापले. “काय व मनीषा, शिकवलं काय तू यायले? उद्या सकाळी बाया येतात वेचायले. कापूस गेला का कायचं शूटिंग? पोरींले बसव बांधावर. वंदनाताईचे एकटीचेच शॉट घेतो.”

वंदनाताई नागपूरच्या गायिका. गाणं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड झालेलं, कॅमेऱ्यापुढं ओठही त्याच हलवणार.

पोरींच्या घरी हातापाया पडून परवानग्या मीच काढल्या होत्या. मी स्वतः क्रिकेटच्या सामन्यांत चिअरलीडर होते. चौकार बसला की झुरमुळ्या हलवत नाचायचं. तेव्हा लोक काय काय बोलले, ते मला अजून पाठ आहे. ह्या पोरी गाण्यात दिसल्या नसत्या, तर त्यांचा नाच घरच्यांनी कायमचा बंद केला असता.

“काहून चुकून राह्यल्या व?” मी पोरींना विचारलं.

पुढं उभी राहणारी प्रणाली रडकुंडीला आली होती. “मॅडम, तुमच्यावाल्या गाण्यावर पाय बरोबर पडते. ह्याच्यावर नाही पडत.”

अन् मग माझ्या डोक्यात उजेड पडला! गाणं पक्कं होण्याआधी चालीवर कोणीतरी कामचलाऊ गाऊन ठेवतं. त्याला डमी म्हणतात. ती मीच गायले होते, अन् पोरींना त्यावरच शिकवलं होतं. नाचणाऱ्यांना गिरकीआधी दम घ्यायची सवय. गातानाही मी तिथंच दम घेतला. पोरी तो ऐकून वळायच्या. वंदनाताई मुरलेल्या गायिका. त्यांनी ती ओळ एका दमात, सुरेख ओढून नेली होती. पोरी वळतील कशा?

“भाऊ, एक डाव डमी लावा.”

डमी लागली. पोरी अशा वळल्या, की कॅमेरामन ‘कट’ म्हणायचं विसरला.

वंदनाताई खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

“दीपक, हेच ठेव.”

“ताई, डमी आहे ते!”

“मंग? नाचायचं गाणं आहे. हिच्या आवाजावर पाय पडते, माह्या नाही पडत. वाद कायचा? ओठबी हिलेच हलवू दे.” आणि मला म्हणाल्या, “जाय व, उभी राह्य पोरींपुढं. लवकर, ऊन चाललं.”

ऊन उतरायच्या आत शूटिंग संपलं. पुढं स्टुडिओत मी गाणं नीट गायले, दम तसाच ठेवून. आज आमच्या जिल्ह्यात कळंबपासून फुलसावंगीपर्यंत हळदीत ते वाजल्याशिवाय डीजेवाल्याला कोणी सोडत नाही. माझे स्टेज शो होतात, मागं ह्याच पोरी नाचतात. आपलं गाणं दुसरीच्या पदरात टाकायला केवढं काळीज लागतं! वंदनाताईंचे उपकार मी मरेस्तोवर विसरणार नाही.

धडा म्हणाल तर एवढाच: नाचायचं गाणं करत असाल, तर गायिकेचा दम किती मोठा, ते मागाहून पाहा. आधी नाचणारीला विचारा.