अल-बाहाच्या कॉटेजमधला खोडलेला चौथा नंबर

आधीच सांगते, भूत-बित, संकेत-बिंकेत असल्या गोष्टींना माझ्याकडे थारा नाही. जेद्दाच्या एका हॉस्पिटलात बारा वर्षं नर्स आहे. रिकाम्या खाटेची बेल वाजली तर मी रामरक्षा म्हणत नाही, मेंटेनन्सला फोन करते.

तर... गेल्या वर्षी शाळेच्या सुट्टीत आम्ही अल-बाहाच्या डोंगरात तीन दिवसांसाठी एक दगडी कॉटेज घेतलं. मी, नवरा समीर, नऊ वर्षांची जुई आणि व्हिजिट व्हिसावर साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. मालक अबू सालेह यांनी किल्ली दिली आणि टेबलावरचा छापील कागद दाखवला – जवळपास बघण्यासारखी पाच ठिकाणं. संगमरवरी टेकडीवरचं जुनं गाव, माकडांचं जंगल, मधाचा बाजार, चौथ्या नंबरला दरीतला धबधबा आणि त्याखालचा डोह, शेवटी धुक्याचा कडा. जुईने पोहायचे कपडे खास डोहासाठी आणले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना बघते तर चौथा नंबर खोडलेला. गिरगटलेला नाही हं. एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी वेळ नि सही. चार्टवरची चूक आम्ही नर्सेस अशीच खोडतो. वेळ १५:४०. सही... माझी.

समीर हसला. "तूच केलं असशील सवयीने. झोपेतसुद्धा ड्यूटी."

"निळ्या शाईने? आमच्या वॉर्डात काळ्याशिवाय पेन चालत नाही. माझ्या पर्समध्ये निळं नसतंच."

सासूबाई म्हणाल्या, "मेघना, कुणीतरी सांगतंय तर ऐकावं गं. आजचा दिवस राहू दे."

बस्स, तिथेच माझं डोकं फिरलं. माझ्याच सहीने मला ऑर्डर, आणि तीही मी न लिहिलेली? मुद्दाम त्याच दुपारी डोहावर जायचं ठरवलं. सासूबाई आल्या नाहीत.

आभाळ स्वच्छ होतं. आमच्याशिवाय खाली कुणी नव्हतं. जुई नि समीर गुडघाभर पाण्यात. मी घड्याळ पाहिलं – तीन पस्तीस. आणि मला जिंकायची हुक्की आली.

"दोघं वर या," मी ओरडले. "त्या उंच खडकावर बसू. तीन चाळीसला काय होतंय ते बघू आणि घरी जाऊन आईंना सांगू, काही झालं नाही म्हणून."

"मम्मा, फाइव्ह मिनिट्स मोअर," जुई कुरकुरली.

"खलास. यल्ला, चल लवकर वर."

तोंड फुगवून ती वर आली. समीरने तिचा रुसलेला चेहरा टिपायला मोबाईल काढला. तेवढ्यात दरीत आवाज झाला, डंपर रिकामा होतो तसा. मग चॉकलेटी पाणी, दगड, एक अख्खं झाड. आमच्या पायांच्या दोन पुरुष खालून ते गेलं आणि डोह दिसेनासा झाला. वरच्या डोंगरात कुठेतरी पाऊस झाला होता म्हणे. समीरचा व्हिडिओ सुरू झाल्याची वेळ १५:४१ आहे.

पुराचं कारण मला कळतं. मीच झोपेत उठून रेघ मारली, हेही एक वेळ कबूल. पण माझ्या झोपेला वेळ कुणी सांगितली? आणि निळं पेन आलं कुठून? आम्ही अख्खं कॉटेज पालथं घातलं, एकही सापडलं नाही. किल्ली एकच, ती आमच्याकडे. कागद अजून माझ्या कपाटात आहे. मी दहादा पाहिला, सही माझीच आहे. यापुढे मला काही सांगता येत नाही आणि मी मानत तर अजूनही नाही. कमेंटमध्ये कुलदैवताची कृपा लिहायला कुणी येऊ नका, ते काम सासूबाईंनी केलंय.

मला छळतं ते वेगळंच. जुई शाळेत सगळ्यांना सांगते, "माय मम्मा न्यू द फ्लड वॉज कमिंग. शी सेव्ह्ड मी." मी तिला वाचवायला वर बोलावलंच नव्हतं. मला फक्त माझं खरं करून दाखवायचं होतं.