सहाशे चौदा विहिरी आणि एक सेटिंग

मोजणीदारांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण मोजायची खोड काही सुटली नाही. पगार थांबला तसं त्यांनी स्वतःच स्वतःला कामाला जुंपलं: गावातल्या सगळ्या विहिरींचा नकाशा करायचा. चालू, आटलेल्या, बुजवलेल्या, दुकानाच्या फरशीखाली गाडलेल्या, एकही सोडायची नाही. खोली किती, कठडा कसला, शेवटचं पाणी कुणी ओढलं, सगळं लिहायचं. आता तुम्ही म्हणाल, बुजलेल्या विहिरीचा नकाशा हवाय कुणाला? बायकोही तेच म्हणे. मोजणीदार टोपी घालून बाहेर पडलेले असत.

अशा सहाशे चौदा झाल्या, सगळ्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरात. प्रत काढून ठेवा म्हणून चार जणांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. पण धाकटा मेहुणा बँकेतले दोनशे कॉम्प्युटर सांभाळत होता ना! "घरचा माणूस असताना प्रत कशाला?" म्हणून हे निवांत.

गेल्या उन्हाळ्यात पुढची विहीर शोधताना मोजणीदार भोवळ येऊन पडले. डोक्याला सात टाके, दोन दिवस दवाखाना. घरी आले ते थेट टेबलापाशी.

पंधरा दिवसांनी मेहुणा आला. "दाजी, नवी सिस्टिम टाकून देतो. पण ती जुन्या बायॉस मोडवर चालत नाही, मशीन यूईएफआयवर, म्हणजे नव्या मोडवर, न्यावं लागेल." मोजणीदारांनी उठून त्याला आपली खुर्ची दिली. त्याने मशीन सुरू होता होता एक बटण दाबलं, निळ्या पडद्यावर काहीतरी खालीवर केलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. पडदा काळा. डिस्क सापडत नाही, एवढीच एक ओळ. बराच वेळ खटपट करून तो म्हणाला, "दाजी, डिस्क गेली. आता यातून काही निघायचं नाही."

मोजणीदार त्या दिवशी जेवले नाहीत. बायको शेजारी बसून त्यांच्याबरोबर रडली. पुढे आठ महिने माणूस घराबाहेर म्हणून पडला नाही. नदीपलीकडच्या चाळीसेक विहिरी एका म्हाताऱ्या विहीरखोद्याला तोंडपाठ होत्या, त्याच्याकडून लिहून घ्यायच्या राहिल्या होत्या. तो मधेच वारला. मोजणीदार नुसतं "बरं" म्हणाले.

परवा शेजाऱ्यांचा प्रिंटर बघायला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाई आल्या होत्या. मोजणीदारांनी त्यांना हाक मारली. "हा डबा घेऊन जा बाई, सुटे भाग तरी कामी येतील."

"आधी लावून बघते, काका." बाईंनी मशीन लावलं, काळ्या पडद्यावरची ती ओळ वाचली, निळ्या पडद्यावर गेल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "डिस्क तर दिसतेय की! ही जुन्या पद्धतीची आहे आणि मशीन ठेवलंय नव्या मोडवर. आधी डिस्क नव्या पद्धतीची करून घ्यायची असते, मग मोड बदलायचा. तसं न करता मोड फिरवला की मशीनला हिच्यावरून सुरूच होता येत नाही. बाकी डिस्कला धाड भरलेली नाही."

त्यांनी मोड पुन्हा जुन्यावर ठेवला. दोन मिनिटांत पडदा उजळला आणि सगळा नकाशा समोर, ठिपक्या ठिपक्यांनिशी. मोजणीदार एकदम खो खो हसत सुटले. "दोनशे मशीनं सांभाळतो म्हणे! एवढं साधं त्याला कळलं नाही! अगं ए, बाहेर ये आधी! गेलं नाहीये, सगळं आहे!"

बायको दारात आली. पडद्याकडे तिने पाहिलंच नाही. पदराला हात पुसत राहिली.

"अगं बघ ना!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "काही पुसलं जाणार नाही ना, हे मी भावाला दहादा विचारून घेतलं होतं."

दुरुस्तीवाल्या बाई उगाचच वायर गुंडाळू लागल्या. मोजणीदारांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आठ महिने," ते म्हणाले. "आठ महिने तू बघत होतीस."

"मग काय करायचं होतं मी? उन्हात मरायला निघाला होतात तुम्ही! माझं ऐकत होतात कधी?"

"आणि माझ्याबरोबर रडलीस ती?"

"ते खरं होतं हो," ती म्हणाली, आणि आताही तिचे डोळे भरून आले.

मोजणीदारांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग दुरुस्तीवाल्या बाईंना म्हणाले, "बाई, याला पासवर्ड कसा लावतात? आमच्याकडे कधी लागला नाही."

बाईंनी चौकट उघडून दिली. "काय ठेवायचा, काका?"

"मी टाइप करतो," ते म्हणाले, आणि कीबोर्डवर हात ठेवून, बायको आत जाईपर्यंत थांबून राहिले.