रेघेवरच्या उषाताई

उषाताई मोहिते यांना पाहण्याआधी मी त्यांना ऐकलं. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराजवळच्या आमच्या गावात राहायला आल्यानंतरचा माझा तो पहिला रविवार. दुकानं बंद, रस्ते रिकामे, आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटावा इतकी शांतता. मुलीला बाबागाडीत घालून मी उगीचच चालत सुटले होते. गावाबाहेरच्या मैदानापाशी आले आणि कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला, “ए मार्कुस, बघत काय बसलायस रं? हान की!”

मी जागीच उभी राहिले. जाड निळा कोट, गळ्यात क्लबचा हिरवा-पांढरा मफलर, कपाळावर टिकली. शेजारी थर्मास सांभाळत उभे असलेले त्यांचे यजमान, मोहितेकाका. माझ्या चेहऱ्यावरून ताईंनी काय ते ओळखलं. “मराठी ना? मग बाहेर कशाला उभी? ये, चहा घे. एक गोल खाल्लाय आम्ही, पण वेळ आहे अजून.”

“त्या मार्कुसला मराठी कळतं?” मी विचारलं.

“शब्द कळत नाहीत गं. सूर कळतो.”

त्यांच्या त्या ‘आम्ही’चा मी घरी जाताना विचार करत होते. मला तेव्हा या देशात काहीच ‘आम्ही’ म्हणता येत नव्हतं.

आमच्या मराठी मंडळाने ताईंच्या साठीनिमित्त हा अंक काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या फुटबॉलवर लिहायचं काम मी मागून घेतलं. ताई कोल्हापूरच्या. तिथे पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि सामन्याच्या दिवशी घरातली चूलसुद्धा वेळ बघून पेटते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ताईंचं वेगळं काही सांगायला नको. त्यांचे वडील आणि दोन्ही भाऊ तालमीकडून खेळले. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. मैदान मात्र घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. जर्मन फुटबॉलच्या उतरंडीत आमच्या गावाचा क्लब अगदी तळाकडचा. प्रेक्षक मोजकेच, त्यातलेही निम्मे खेळाडूंचे आईबाप. ताई या क्लबच्या झाल्या त्या कायमच्या.

ताई शहरातल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतात. एकदा माझ्या रक्ताची तपासणी तिथेच होती. काळजीपोटी मी म्हटलं, “ताई, माझा नमुना तुम्ही स्वतः नीट बघा हं.” त्या म्हणाल्या, “नळीवर नुसता आकडा असतो बाई. कुणाची ते आम्हाला दिसत नाही, म्हणूनच नीट बघता येतं.” तेव्हा मला ते थोडं कोरडं वाटलं होतं. संध्याकाळी त्याच ताई पिठलं-भाताचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या.

गावात नवं मराठी कुटुंब आलं की पहिल्या रविवारी ताई त्यांना मैदानावर घेऊन येतात. “घरात बसलात तर भिंती अंगावर येतील. इथं निदान हरायला तरी सोबत आहे,” असं सांगतात. माझी मुलगी इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पण मैदानावर “हान की रं!” मात्र अस्सल कोल्हापुरी ठसक्यात ओरडते. ते ताईंचं देणं आहे.

इतक्या खालच्या पातळीवर रेफरी एकटाच असतो. चेंडू बाजूच्या रेघेबाहेर गेला की झेंडा दाखवायला प्रत्येक क्लब आपलाच एक माणूस देतो. आमच्याकडे हे काम करणाऱ्या आजोबांचे गुडघे गेले तेव्हा कुणीच पुढे येईना. ताईंनी झेंडा घेतला आणि त्या दिवसापासून मैदानावरचा त्यांचा आवाज बंद झाला. “झेंडा हातात असला की तोंड मिटायचं,” हा त्यांचा स्वतःचाच नियम. काका म्हणायचे, “क्लबनं हे आधीच करायला हवं होतं. मला दीड तास शांतता मिळते!”

दोन वर्षांपूर्वी मोसमाचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर टिकणार, नाहीतर सर्वांत खालच्या गटात जाणार. बरोबरी चालली होती, खेळ संपत आला होता. आमच्या एका खेळाडूने ताईंच्या बाजूने, अगदी रेघेलगत चेंडू पळवला, मध्ये मारला आणि मार्कुसने डोक्याने गोल केला. आम्ही सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलो. मग हळूहळू गलका ओसरला. ताईंचा झेंडा वर होता.

रेफरी त्यांच्याजवळ आला. “गांझ?” पूर्ण बाहेर होता का, एवढंच त्याने विचारलं.

“गांझ,” ताई म्हणाल्या.

गोल रद्द झाला. आम्ही खाली गेलो. मार्कुस आमचा कर्णधार. ताईंनी त्याला अगदी लहानपणी चेंडूमागे धावताना पाहिलेलं, त्याच्या दर वाढदिवसाला त्याच्या घरी बेसनाचे लाडू गेलेले. तो ताईंसमोर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “उषा, तू नक्की कुणाची आहेस?”

ताईंनी झेंड्याची नीट गुंडाळी केली, तो बाकावर ठेवला आणि त्या काकांबरोबर चालू लागल्या. वाटेत त्यांनी मला विचारलं, “तुला दिसला होता का चेंडू?”

“नाही ताई. मी गोलकडे बघत होते.”

“सगळे गोलकडेच बघतात गं.”

घराजवळ आल्यावर म्हणाल्या, “तो रागानं बोलला, कळतं मला. पण एवढ्या वर्षांनी हा प्रश्न?” तो उन्हाळाभर मफलर खुंटीवरच राहिला. परक्या देशात एखादी जागा आपली होते म्हणजे काय, आणि ती गेली तर काय जातं, हे मला त्या खुंटीकडे पाहून कळलं.

नव्या मोसमाचा पहिला सामना आला. “बघायला येईन. झेंडा नाही घेणार,” असं सांगून ताई आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. मफलर नव्हता. खेळ सुरू व्हायच्या आधी मार्कुस मैदान ओलांडून सरळ आमच्याकडे आला. हातात तोच झेंडा.

“उषा, आज चेंडू बाहेर गेला तर कोण सांगणार?”

ताई म्हणाल्या, “आपला गेला तरी सांगेन हं.”

“गेनाऊ,” अगदी बरोबर, असं तो म्हणाला. “म्हणूनच तू हवीस.”

ताईंनी झेंडा घेतला. काकांनी कोटाच्या खिशातून हिरवा-पांढरा मफलर काढला आणि त्यांच्या हातात दिला. “अहो, तुम्ही हा आणलात कधी?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि रेघेकडे निघाल्या. थोड्याच वेळात चेंडू आमच्याच खेळाडूच्या पायाला लागून बाहेर गेला. झेंडा वर झाला. कुणी हूं की चूं केलं नाही. आता पाहुणे संघही आल्या आल्या विचारतात, झेंड्याला उषाच आहे ना? ते ऐकताना आमच्या सगळ्या गावाची मान ताठ होते.

क्लब अजून सर्वांत खालच्या गटातच आहे. आम्ही दर रविवारी जातो, बहुतेकदा हरतो, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत कुणी हलत नाही.

ताई, तुमच्या गुडघ्यांना आणि नजरेला भरपूर बळ मिळो. काकांचा थर्मास तुमच्या शेजारी सदैव गरम राहो. पुष्कळ, पुष्कळ वर्षं तुम्ही त्या पांढऱ्या रेघेवर आम्हाला दिसत राहा. आणि कधीतरी तो झेंडा दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन पुन्हा आमच्यात येऊन उभ्या राहा. तुमचा तो आवाज मैदानाला पुन्हा ऐकायचा आहे. मार्कुसला तर शब्दही आता कळायला लागले आहेत.