अर्लीन फ्रीझरवरून उठेना

अर्लीन बाबिनो म्हणजे आमच्या लुइझियानातली कासवांची सुईणच म्हणा ना! अंगानं दणकट, जिभेनं तिखट, पण बोटं बघा तिची. अंड्यातल्या इवल्या पिल्लाच्या मूत्रपिंडाला चिकटलेली दोऱ्याएवढी ग्रंथी अख्खी सोडवून काढते. त्या ग्रंथीचंच पुढं वृषण होतं, नाहीतर अंडाशय. आणि या कासवांत ते ठरतं उबेवर. उबवायला अंडी गार पेटीत ठेवली की नर, गरम पेटीत ठेवली की माद्या.

ग्रंथी वाढताना कुठलं जनुक कधी जागं होतं, कुठलं गप्प बसतं, हे मोजायचं म्हणून अर्लीननं तीन उन्हाळे या ग्रंथी नळ्यांत भरभरून गोठवल्या होत्या.

एका सोमवारी बाई राजमा-भात हाणून परत येतात तो काय, प्रयोगशाळेचा प्रमुख मार्सेल फ्रीझर आवरतोय. माद्यांच्या नळ्यांचे सगळे डबे बाहेर!

"हे रे काय?"

"नरांच्या नळ्यांना जागा हवीय. माद्यांचा एक डबा तुलनेला ठेवू, बाकीचे टाकून देऊ."

"टाकून?"

"अगं, त्यांच्यात घडतंय काय? नराचं जनुक जागं झालं नाही की अंडाशय आपोआप होतं."

आपोआप! अर्लीनची कानशिलं तापली. "तुझ्या घरी जेवणही आपोआपच होत असेल, नाही का मार्सेल?"

"चिडतेस काय! सगळे तसंच मानतात."

"मानणारच! नरांची नळी वाढीच्या प्रत्येक टप्प्याची मोजता, माद्यांची एकाच टप्प्याची. वर म्हणता, काही बदलत नाही. पोरीचा एकच फोटो बघायचा आणि म्हणायचं, ही जागची हलतच नाही!"

तिनं डबे परत आत ठेवले, झाकण दाणकन लावलं आणि चक्क त्यावर बसली.

"ऊठ, अर्लीन."

"नाही उठत. आधी माद्यांच्या सगळ्या टप्प्यांच्या नळ्या मोजायचं कबूल कर. सगळ्यांसमोर."

शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात जमली. कुणीतरी हसलं. अर्लीननं असं बघितलं, की हसणारा दारामागं सरकला. शेवटी मार्सेलनं हात वर केले. "बरं बाई, मोजू."

मोजलं. गरम पेटीतल्या पिल्लांत अंडाशयाचं जनुक टप्प्याटप्प्यानं चढत होतं, आणि नराच्या जनुकाला कुणीतरी आतून सारखं दाबून धरत होतं. आपोआप म्हणे! केवढं राबणं ते!

मार्सेल संगणकाच्या पडद्याकडे बघतच राहिला. "अरे, यांच्यात तर बरंच सुरू झालंय."

"झालंय नाही. आधीपासून होतंच. तू बघत नव्हतास."

"बरं, चुकलं. पुढच्या खेपेला निम्मी अंडी गरम पेटीत ठेवू, खूश?"

"निम्मी? इतकी वर्षं नरांचेच लाड केलेस. यंदा दोन पेट्या गरम, एक गार."

मार्सेल उठला आणि दुसऱ्या पेटीच्या उबेचा काटा वर चढवायला गेला.